मामांची उन्हातली पंगत

जाधवमामांच्या गच्चीवर पहिल्यांदा आलेल्या माणसाला लगेच बसायला कधी मिळालं नाही. जिना चढून माणूस वर आला, की मामा त्याच्या हातात काहीतरी द्यायचे. कुणाला कोथिंबीर निवडायला, कुणाला सतरंजीचं दुसरं टोक धरायला, कुणाला सूर्यचुलीचा आरसा उन्हाकडे वळवायला. एकदा एक मोठे वकील सहकुटुंब आले होते, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. मामांनी नाव विचारायच्या आधीच त्यांच्या पुढ्यात लिंबं आणि सुरी ठेवली. मी ओशाळून बाजूला उभा होतो. वकीलसाहेब मात्र लिंबं कापता कापता शेजारच्या शिंप्याशी बोलायला लागले, आणि पुढच्या महिन्यात घरून स्वतःची सुरी घेऊन आले. मामा मला म्हणाले, "बसायला आलेला माणूस पाव्हणा असतो साहेब. पाव्हणा एकदाच येतो. काम केलेला माणूस पुन्हा येतोय बघा."

हे मला सुचायला हवं होतं. मामांच्या बऱ्याच बोलण्याबद्दल मला असं वाटायचं. त्यांच्याविषयी लिहायला बसलो आहे तर हे आधीच सांगून टाकतो: मला त्यांचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, जेवताना घास अडकावा इतका.

मी इंजिनिअर. आमचं घर मूळचं नांदेडकडचं. वडील रेल्वेत लागले आणि आम्ही हैदराबादला आलो. चिक्कडपल्लीतल्या दोन खोल्यांत अभ्यास करून मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो आणि एका मोठ्या सरकारी कंपनीच्या सौर विभागात लागलो. देशाची दारं नुकतीच उघडली होती ते दिवस. गच्च्यांवर डिश अँटेना उगवत होत्या, रस्त्यावर नव्या गाड्या आल्या होत्या, ज्याच्या त्याच्या तोंडी फ्रीज आणि कूलर. या सगळ्याला लागणारी वीज कुठून येणार, त्यासाठी किती कोळसा जळणार आणि त्यानं हवेचं काय होणार, याचा मी विचार करायचो. शहरात असा विचार करणारा मी एकटाच आहे अशी माझी समजूत होती, आणि खरं सांगायचं तर ती मला आवडायची.

म्हणून मी जामबागेतल्या एका शाळेचा वर्ग रविवारपुरता मागून घेतला आणि 'तापणारी पृथ्वी आणि आपण' असं व्याख्यान ठेवलं. सूर्यचुलीचं प्रात्यक्षिकही दाखवायचं होतं. त्यासाठी बाहेरून काळा रंग दिलेले झाकणाचे डबे हवे होते. गौलीगुड्यात जाधवांचं भांड्यांचं दुकान होतं, तिथे गेलो. गल्ल्यावर साठीच्या घरातला एक गोल, हसरा गृहस्थ बसला होता. डब्याला काळा रंग कशाला, असं त्यानं विचारलं. मी सांगितलं. मग काच कशाला, आरसा कशाला, पावसाळ्यात काय, असं विचारत त्यानं मला दोन चहा पाजले. सगळा बाजार त्याला मामा म्हणत होता. मला मात्र तो पहिल्यापासून साहेब म्हणाला, आणि अखेरपर्यंत साहेबच म्हणत राहिला.

व्याख्यानाला मामा पहिल्या बाकावर येऊन बसले. बाकीचे श्रोते मोजकेच होते, आणि मी आलेख दाखवायला दिवे घालवले तेव्हा त्यातलेही काही निघून गेले. संपल्यावर मामा माझ्याजवळ आले. "तुम्ही बोलायलात ते सगळं खरं आहे," ते म्हणाले. "पण पृथ्वी तापली हे हैदराबादच्या माणसाला मे महिन्यात सांगायला नको. त्याला हे सांगा, की तापलीच आहे तर तिच्यावर खिचडी लावू." मग त्यांनी दुकानावरच्या आपल्या घराची गच्ची देऊ केली.

पुढच्या रविवारी मी माझ्या विभागातल्या दोन सूर्यचुली घेऊन गेलो. बघतो तर गच्ची भरलेली. मामांनी गिऱ्हाइकांना बोलावलं होतं, शेजारच्या तेलुगू बायकांना बोलावलं होतं, खालच्या गल्लीतल्या अत्तरवाल्या रशीदभाईंना सहकुटुंब बोलावलं होतं. काय आहे हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. मामांनी भाषण केलं नाही. काचेचं झाकण उचललं, भातातून वाफ आली, आणि शेजारच्या लक्ष्मम्मा भाताचं शीत बोटानं दाबून "बागुंदी", छान झालाय, म्हणाल्या. तेवढ्यावर सभा जिंकली गेली. मामा माझ्याकडे हात करून म्हणाले, "ही सगळी अक्कल या साहेबांची. मी फक्त डबे विकतो." लोकांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं आणि मामांभोवती घोळका केला.

त्यानंतर दर महिन्याच्या एका रविवारी पंगत ठरूनच गेली. कुणी घरी सूर्यचूल करून पाहिली, तिची काच तडकली, की ती घेऊन गच्चीवर यायचं. कुणी वाड्यातल्या शेणाचा गॅस करायचं मनात आणलं, की गच्चीवर विचारायचं. उत्तरं बहुतेक मीच द्यायचो. पण प्रश्न मामांना विचारले जायचे. ते मान हलवत ऐकायचे आणि म्हणायचे, "हौ, हौ, साहेबांना विचारू." माझं उत्तर मग त्यांच्या तोंडून गल्लीभर जायचं. एका वर्तमानपत्रात गच्चीचा फोटो आला. त्यात मामा हसत होते आणि आरसा धरलेला एक हात होता. तो हात माझा.

हे सगळं मी सोसलं असतं. माझ्या मायचं सोसवलं नाही. वडील गेल्यापासून ती घराबाहेर पडत नव्हती. मी कितीदा म्हटलं, चल, हवा बदलेल. नाही म्हणायची. मामांनी एकदा नुसता निरोप पाठवला, की आमच्या पंगतीला येसराची आमटी कुणाला येत नाही, तुम्ही याल का. माय धुतलेलं लुगडं नेसून निघाली. संध्याकाळी परत आली ती रशीदभाईंच्या बेगमनं दिलेला गजरा माळून. रात्री जेवताना ती मला समजावून सांगायला लागली, की चुलीला काचा दोन असतात, मधल्या हवेमुळं आतली ऊब बाहेर जात नाही.

"माय, हे मी तुला नोकरीला लागल्यापासून सांगतोय," मी म्हटलं.

"तू सांगतूस," ती म्हणाली. "त्यांनी मला हात लावून बघू दिलं."

मी ताटावरून उठलो नाही, पण त्या दिवशी पोट भरलं नाही हे खरं.

पुढे आमच्या कंपनीत नवे वारे शिरले. जे विकत नाही ते बंद करा, असा हुकूम आला आणि सौर विभागाला टाळं लागलं. मला टेंडरच्या कागदांवर बसवलं. आता माझं शिक्षण कामी यायची एकच जागा उरली होती, आणि ती दुसऱ्याच्या मालकीची होती. रविवारी मी जिना चढायचो तेव्हा वरून मामांच्या हसण्याचा आवाज यायचा आणि मला वाटायचं, आज मागे फिरावं. फिरलो मात्र कधीच नाही.

त्याच सुमाराला बाहेरून आलेल्या एका नव्या कंपनीनं मामांना उन्हावर पाणी तापवणाऱ्या बंबांची एजन्सी देऊ केली. मामांचा मुलगा, सुरेश, हरखून गेला. पितळ-तांब्याचा खप उतरला होता आणि दुकानाला आधार हवा होता. नमुन्याचा एक बंब गच्चीवर बसला. पंगतीतल्या बऱ्याच घरांनी आम्हालाही एक म्हणून सांगून ठेवलं. मामांनी मला फक्त इतकंच म्हटलं, "साहेब, तुम्ही बघा आणि सांगा. तुमचं काय असेल ते सगळ्यांसमोर सांगा."

मी काही महिने पाहिलं. आमच्या शहरातल्या बोअरच्या पाण्यात क्षार फार. बंबातलं पाणी दिवसेंदिवस कोमट होत गेलं. एका रविवारी मी पाना घेऊन बसलो, एक नळी सोडवली आणि पंगतीसमोर तिच्यातून पांढऱ्या क्षाराच्या खपल्या ठोकून काढल्या. हा बंब या पाण्याला टिकणार नाही, घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगितलं. सांगताना माझा आवाज लागायला हवा त्यापेक्षा थोडा मोठा लागला. आता मामांचा चेहरा कसा होतो हे मला पाहायचं होतं. सुरेशचा चेहरा पडला होता.

मामांनी ती नळी हातात घेतली, डोळ्याला लावून आरपार पाहिली, आणि लोकांकडे वळून म्हणाले, "साहेब नको बोलले म्हणजे नको. एजन्सी उद्या परत करतो. तुमच्याकडे माझ्या भरवशावर खराब माल गेला असता तर मी या गच्चीवर कोणत्या तोंडानं उभा राहिलो असतो?"

मग वकीलसाहेबांनी टाळी वाजवली आणि सगळी गच्ची वाजवायला लागली. मामांच्या सचोटीसाठी. माझ्या हातात पाना होता. माझ्या खरेपणाचं पुण्यही त्यांच्याच पदरात पडलं, आणि वाईट हे, की ते त्यांना शोभत होतं. सुरेश बरेच दिवस माझ्याशी बोलला नाही. मामांनी त्याचा विषय माझ्यापुढे एकदाही काढला नाही.

दोन-तीन उन्हाळ्यांनी मामांच्या छातीत पाणी झालं. दवाखान्यात भेटायला गेलो तर खाटेभोवती ही गर्दी. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा, वॉर्डातली आया, सगळे त्यांचे नातलग झाल्यासारखे. त्यातून वाट काढत मी जवळ गेलो, आणि त्या माणसाच्या नाकात नळी असतानाही मला त्याचा हेवा वाटला. मामांनी खुणेनं बाकीच्यांना बाहेर पाठवलं. या रविवारची पंगत तुम्ही घ्या, असं ते म्हणाले. बोलताना दम लागत होता.

मी नाही म्हटलं. इतकी वर्षं जे कुणाला बोललो नव्हतो ते तिथे तोंडून गेलं. "मला पाहून कोणी येत नाही, मामा. लोक तुम्हाला पाहून येतात."

ते माझ्याकडे बघत राहिले. हसतील असं वाटलं, पण हसले नाहीत.

"तुम्हाला पाहून नाही येत, तर तुम्ही त्यांना पाहून या की," ते म्हणाले. "कुणाच्या दारात गेलात का कधी?"

त्यांनी डोळे मिटले. रविवार यायच्या आत मामा गेले. त्यांच्या अंत्ययात्रेला गौलीगुड्यातली दुकानं बंद होती. रशीदभाई खांदा द्यायला पुढे होते, माय बायकांमध्ये तोंडाला पदर लावून उभी होती.

त्या रविवारी पंगत होईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. मलाही नाही. पण सकाळी मी सुरेशकडून गच्चीची किल्ली मागितली. तो किल्ली देऊन बाजूला झाला. मग मी निघालो. लक्ष्मम्मांच्या दारात गेलो, तेव्हा कळलं की त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत आणि म्हणून त्या नेहमी लवकर उठून जातात. रशीदभाईंकडे गेलो, तर त्यांनी बसवून घेतलं आणि मामांच्या तरुणपणाच्या गोष्टी सांगितल्या. शिंप्याकडे गेलो, वकिलांकडे गेलो. प्रत्येक दारात वेळ जात होता. कुणी साहेब म्हणून खुर्ची पुढे केली, कुणाला काय बोलावं ते सुचेना. मलाही सुचत नव्हतं. पंगत आहे, या, इतकंच मी म्हणायचो.

या हिंडण्यात ऊन डोक्यावर आलं. सूर्यचुली लावायला उशीर झाला. त्यांची वेळ चुकवू नका, हे मी लोकांना किती वेळा बजावलं असेल. भात कसाबसा झाला. डाळ कच्ची राहिली, दाताखाली कचकचत होती. मी वाढत होतो आणि कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हतो. मामा असते तर त्यांनी काहीतरी बोलून सगळ्यांना हसवलं असतं. मला काही बोलता आलं नाही. लोकांनी मुकाट्यानं कच्ची डाळ खाल्ली, ताटं विसळली आणि जिना उतरून गेले.

पुढच्या महिन्यात ते परत आले. कुणाला पाहून आले, हे मी विचारलं नाही.