म्हाताऱ्यांच्या रकान्यातली गर्दी

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मी सावकाश बोलतो, गोष्ट संपेपर्यंत तुमचा चहा गार होईल. पण सरकारी कागदावर एकट्यानं गर्दी केलेला माणूस कधी पाहिलाय का तुम्ही? नसेल, तर नीट बघून घ्या. तो मीच.

बंगळूरहून आनेकलकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला लागून आमचं घर. जन्मभर जयनगरात शिंपीकाम केलं, म्हातारपणी मुलानं इकडे आणलं. बायकोची थोरली बहीण अजून जयनगरातच. दर मंगळवारी ही बसनं तिच्याकडे जायची. दोघी दिवसभर आमची उणीदुणी काढायच्या आणि संध्याकाळी ही टवटवीत होऊन परत यायची. बसथांबा मात्र रस्त्याच्या पलीकडे. एकदा ओलांडताना स्कूटरला हिचा पदर अडकला. लागलं काही नाही, पण त्या दिवसापासून हिनं रस्त्यात पाऊल टाकलं नाही. मंगळवार आला की खिडकीत उभी राहून जाणाऱ्या बसकडे बघत बसायची. ते मला बघवायचं नाही.

शेजारी केतकी राहते. पुण्याची, कंप्युटरवाली, सायकलनं ऑफिसला जाते. तिनं सिग्नलसाठी अर्ज केला. उत्तर आलं की त्या रस्त्यावर पायी चालतंय कोण? केतकी म्हणाली, मोजूनच दाखवू. शनिवारी सकाळी तिनं मला घरासमोर स्टुलावर बसवलं आणि हातात कागद दिला. त्यावर रकाने: पुरुष, बाई, मूल, सायकलवाला, म्हातारं माणूस.

"काका, जो रस्ता ओलांडेल त्याची एक रेघ. बाकी काही करायचं नाही," असं सांगून ती पुढच्या थांब्यावर मोजायला गेली.

बाकी काही करायचं नाही! आता फुलांची टोपली घेतलेली अक्का तासभर कडेला उभी असेल, तर काय नुसतं बघत बसायचं? मी तिला धरून पलीकडे नेलं. परत आलो आणि सांगितल्याप्रमाणे रेघा मारल्या. तिची एक. मी ओलांडला, माझी एक. परत आलो, आणखी एक. मग काठीवाला एक माणूस आला. मग पिशव्या घेतलेली बाई. मध्येच पलीकडे चहा प्यायला गेलो, त्याचीही रेघ टपरीवरच मारली. पेन्सिल तिथंच विसरली म्हणून पुन्हा गेलो. कामात लबाडी नाही केली हो मी, एकही रेघ चुकवली नाही.

कागद बघून केतकीचे डोळे मोठे झाले. इथे इतके ज्येष्ठ नागरिक! अर्जात तिनं तेच सगळ्यात वर घातलं. माझ्या डोक्यात प्रकाश पडला, मी तोंड उघडलं, पण माझं पहिलं वाक्य जुळेपर्यंत तिनं अर्ज पाठवलासुद्धा.

आणि इंजिनिअर साहेब पाहणीला येतो म्हणाले. त्यांना ते सगळे म्हातारे बघायचे होते.

माझी झोप उडाली. खरं सांगावं, तर सिग्नल गेला. मग मी दुकान बंद करताना घरी आणलेली जुनी ट्रंक उघडली. गिऱ्हाइकांनी कधी न नेलेले कपडे होते त्यात. मंगळवारी साहेब आले आणि केतकीजवळ उभे राहिले. शहाळेवाल्याच्या गाडीमागून पहिला म्हातारा निघाला, पांढऱ्या सदऱ्यात. पलीकडून दुसरा आला, तो कोटात. तिसरा चौकटीच्या शर्टात. चौथा माकडटोपी घालून, थोडा लंगडत. लंगडणं माझं मलाच फार आवडलं.

साहेबांनी कानडीत आजोबा म्हणत बोटानं बोलावलं. "ताता, जरा इकडे या. तुमच्याकडच्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या गळ्यात टेप असते का?"

गळ्याला हात लावला. मापाची टेप! पन्नास वर्षांची सवय, कपडे चार बदलले, टेप तिथंच.

केतकीनं कपाळावर हात मारला. "काका, स्वतःला कोण मोजतं?"

"तूच म्हणालीस, जो ओलांडेल त्याची रेघ."

मग मी सगळं सांगितलं, माझ्या वेगानं. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. शेवटी विचारलं, आजी कुठे आहेत? मी खिडकीकडे बोट दाखवलं. ही तिथंच उभी होती, माझे चारही अवतार बघून पदर तोंडात धरून.

साहेब म्हणाले, "सरी, ठीक आहे. मला पलीकडे न्या."

दुभाजकापर्यंत पोचलो आणि अडकलो. दोन्हीकडून ट्रक. साहेबांनी एका हातानं फाईल धरली, दुसऱ्या हातानं माझी टेप. इतकी घट्ट, की मला मान वळवता येईना. बराच वेळ आम्ही तसेच उभे. तिथूनच त्यांनी ऑफिसला फोन लावला आणि आवाज चढवून सांगितलं, रेघा खोट्या असतील, रस्ता खरा आहे.

पुढे काही महिन्यांनी सिग्नल लागला, पट्टे मारले. पहिल्या मंगळवारी मी नवा सदरा घालून हिला धरून न्यायला निघालो. हिरवा माणूस लागला. मी चष्मा पुसून तो डोळे भरून पाहिला, हात पुढे केला, तर ही पलीकडे पोचलेली! मी पाऊल उचललं आणि लाल लागला.

पलीकडून ही फुलवाल्या अक्काला सांगत होती, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं: "बघ, ज्यांनी सिग्नल आणला ते तिकडेच राहिले."

बस आली. ही मागे वळूनही न बघता चढली.

त्या दिवशी मोजायला कोणी बसलं असतं, तर म्हाताऱ्यांच्या रकान्यात रेघ एकच आली असती. आणि तीही माझी नव्हे.