मेव्हण्याच्या परसातली वेल

माझ्या मेव्हण्याने, सुधीरने, मला फसवलं. मी ठरवलेला सौदा त्याने माझ्या पाठीमागे मोडला.

ऑक्टोबरात मी आणि सुनंदा, म्हणजे त्याची बहीण, इंग्लंडात कॉव्हेंट्रीला गेलो ते त्याच्याच आग्रहावरून. त्याच्या परसात कुंपणाला लागून एक जुनं झाड आहे. त्यावर आयव्ही (भिंतींवर, झाडांवर चढणारी सदाहरित वेल) शेंड्यापर्यंत गेलेली. थंडीआधी दक्षिणेकडे निघालेली फुलपाखरं तिच्या फुलांवर पोट भरून घेतात. स्थलांतरासाठी प्रसिद्ध असलेली मोनार्क नव्हेत, ती अमेरिकेतली. ही रेड ॲडमिरल, काळ्या पंखांवर लाल पट्टा. पहिल्या सकाळी मी सव्वीस मोजली. मग पाऊस लागला आणि ती पंख मिटून पानांआड बसली.

बुधवारी शेजारचे डेरेक कुंपणावरून म्हणाले, "उद्या माणूस येतोय. आमच्या बाजूची वेल छाटायची आहे."

इथे आपल्या हद्दीत आलेली फांदी शेजाऱ्याला कापता येते. आणि फुलं सगळी त्यांच्याच बाजूला, उन्हाकडे.

माझं आयुष्य भुसार बाजारात भाव करण्यात गेलं. मोडक्या इंग्रजीत मी आवाज चढवला. सुनंदाने मागून सदरा ओढला. शेवटी म्हणालो, ऊन पडू द्या, फुलपाखरं उडू द्या. मग वेल मी स्वतः कापतो, कचराही मीच उचलतो.

"शनिवारपर्यंत," डेरेक म्हणाले. आम्ही हात मिळवले.

गुरुवारी सकाळी यंत्राची घरघर ऐकून मी ओल्या केसांनी खाली धावलो. हिरवा ढीग पडला होता. पाच-सहा फुलपाखरं पावसात शेडच्या फळ्यांना चिकटली होती. बाकीची दिसेनात.

डेरेक गोंधळले. "काल संध्याकाळी सुधीर आला होता. म्हणाला, पाहुण्यांचं मनावर घेऊ नका, खुशाल कापा."

सुधीर किचनमध्ये टोस्टला बटर लावत होता. "दाजी, तुम्ही दोन आठवड्यांनी जाल. मला इथे राहायचंय. नेबरशी वाकडं कशाला?"

"अरे, तो माणूस तयार झाला होता!"

"इथे तोंडावर तयार होतात हो. मग वर्षभर हॅलोसुद्धा म्हणत नाहीत."

शनिवारी लख्ख ऊन पडलं. एकच फुलपाखरू आलं, उघड्या खोडाभोवती फिरलं आणि गेलं.

आता सांगलीत परतून महिना झाला. परक्या मुलखात वीस वर्षं काढलेल्या माणसाला शेजाऱ्याची मर्जी सांभाळावी लागते, हे मला समजतं. पण डेरेकनी हात मिळवल्यावरही तू त्यांच्या दारात का गेलास, सुधीर? माझ्या पुतण्याच्या लग्नाला येशील, तेव्हा तुझ्या बहिणीसमोर याचं उत्तर दे.