विषय क्रमांक एक

बन्सीचं अक्षर सुंदर होतं असं कुणी म्हणणार नाही. पण ते वाचता यायचं आणि एकदा लिहिलं की खोडलेलं नसायचं. केज आणि धारूरच्या मधल्या एका गावात दूध संस्थेचा सचिव म्हणून त्यानं अकरा वर्षं काढली. गावाचं नाव सांगत बसत नाही. त्या पट्ट्यातलं कुठलंही नाव घातलं तरी हकीकत खपून जाईल, आणि राग त्याचाच आहे.

आधीचे सचिव धोंडीराम अण्णा. त्यांनीच बन्सीला हाताखाली घेतलं. बौद्धवस्तीतला बी.कॉम. झालेला पोरगा संस्थेत बसवायचा म्हटल्यावर दोन-चार जणांनी नाकं मुरडली होती, पण अण्णांनी कुणाला भीक घातली नाही. त्यांनी बन्सीला एकच गोष्ट शिकवली. "सभेत जे बोललं ते लिहायचं. कुणाला गोड लागंल का कडू, ते आपलं काम न्हाई." बन्सीनं हे फार मनावर घेतलं. इतर संस्थांच्या इतिवृत्तात "चर्चा झाली व ठराव मंजूर" एवढ्यावर भागायचं. बन्सीच्या वहीत कोण काय म्हणालं, कोण उठून गेलं, कुठं टाळ्या पडल्या, सगळं असायचं. ती वही कुणी वाचत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

कारण सभेचा विषय क्रमांक एक कायम ठरलेला, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. आणि सभेची पद्धतही ठरलेली. बन्सी वही उघडायचा, तोच मागून कुणीतरी ओरडायचं, "वाचलं असं समजा!" मग सगळी सभा एका सुरात, "मंजूर, मंजूर!" चेअरमन सर्जेराव आबा बोट टेकवून विचारायचे, "कुठं करू सही?" आणि चहा यायचा. अकरा वर्षांत एकदाही विषय क्रमांक एक वाचला गेला नव्हता.

दोन हजार बारा-तेराचा दुष्काळ आला. संस्थेचं दूध आठशे लिटरवरून दीडशेवर आलं आणि संस्थेनं माळावर चारा छावणी उघडली. उताराच्या माळावर सिमेंटचा लांबच लांब हौद बांधला. टँकर वरच्या टोकाला पाणी सोडायचा आणि ते खालपर्यंत वाहत जायचं. वरच्या दावणीची जनावरं नितळ पाणी प्यायची. खालच्या टोकाला पोचायचं ते लाळ, शेण आणि उसाच्या वाढ्याचा चोथा कालवलेलं. खालच्या टोकाला कुणाची जनावरं बांधायची हे कुणी ठरवलं नाही, ठराव केला नाही. वस्तीची जनावरं आपोआप तिथं गेली. ज्यांनी ही दावण लावली त्यांना विचारलं असतं तर ते प्रामाणिकपणे म्हणाले असते, आमच्याकडं जातपात राहिलीच नाही हो.

चतुराबाई बन्सीची चुलती. विधवा बाई, एक म्हैस, तीही गाभण. जानेवारीत छावणीच्या खर्चासाठी विशेष सर्वसाधारण सभा झाली, तेव्हा ती सभासद म्हणून उभी राहिली आणि साधं बोलली. "आबा, माजी म्हैस गाबण हाय. घाण पाण्यानं तिला हगवण लागलीय. दावणी आळीपाळीनं वर-खाली करा, एवढंच म्हणनं हाय."

सर्जेराव आबा हसले. गावात दोन पुढारी, दोन पक्ष. एका पक्षाचे आबा, दुसऱ्याचे सुंदरराव, आणि दोघंही संस्थेत संचालक. आबा म्हणाले, "तुमच्या लोकांच्या म्हशीला कवापासून वरचं पाणी लागाय लागलं? पिढ्या गेल्या तुमच्या खालच्या अंगाला. आज हौदाचं टोक मागती, उद्या स्टेजावरची खुर्ची मागशील. आपल्या जातीच्या जागी बस." सभा खदखदून हसली. सुंदररावांचं तर पोट हलत होतं.

चतुराबाई बसली. बन्सीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तो पगारी सचिव. त्याला सभेत तोंड नव्हतं, हात होता. त्यानं शब्द न् शब्द लिहिला आणि कंसात लिहिलं, 'सभेत हशा'. दुसऱ्या दिवशी वही आबांपुढं ठेवली. आबांनी विचारलं, "कुठं करू सही?" बन्सीनं जागा दाखवली.

संध्याकाळी चतुराबाईनं त्याला विचारलं, "बन्सी, मला बोलले ते लिवलं का रं?"

"लिहिलं, काकू."

"मग कुनीतरी वाचंल," ती म्हणाली आणि म्हशीला पाणी दाखवायला निघून गेली.

कुणी वाचलं नाही. म्हैस मार्चमध्ये व्याली, रेडकू दोन दिवसांत मेलं.

एप्रिलमध्ये संचालकांची बैठक होती. सुंदररावांना वैरणीच्या ठेक्याचा विषय ऐनवेळी घुसडायचा होता. बन्सी म्हणाला, "साहेब, नोटिशीत विषय न्हाई. घेता यायचा न्हाई." सुंदरराव भडकले. "हातात पेन दिला म्हणून जात बदलत न्हाई बे! आमाला कायदा शिकवतो?"

बन्सीनं तेही लिहिलं. पण मान वर केली तर समोर आबांचा चेहरा लग्नघरासारखा उजळलेला. आबांनी टेबलावर मूठ आपटली. "ह्यो बन्सीचा अपमान न्हाई, सगळ्या समाजाचा अपमान हाय! आमी सहन करनार न्हाई!"

मोठ्या निवडणुका वर्षावर आल्या होत्या आणि तालुक्यात वस्त्या पुष्कळ. बाकी सांगायला नकोच. चार दिवसांत केजच्या तहसीलवर मोर्चा निघाला. अकरा वर्षं "काय बे बन्सी" म्हणणारे आबा माइकवरून "जयभीम" म्हणाले. त्यांच्या पोरांनी गळ्यात निळे गमजे घातले होते. दुकानातली घडीसुद्धा मोडली नव्हती. बन्सीला हार घालून पुढं चालवलं. त्याला वाटत होतं, आपल्याला बाजाराला नेतायत. पण सुंदरराव बोलले ते खरंच बोलले होते, झोंबलंही होतं, म्हणून तो गेला. हे नीट लक्षात घ्या. त्याला दोन्ही अपमान झोंबले होते. दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांना मात्र एका वेळी एकच ऐकू यायचा.

परतताना जीपमध्ये त्यानं विषय काढलाच. "आबा, जानेवारीत काकूला बोलला तुमी. त्याचं काय?"

आबांना खरंच आठवेना. आठवल्यावर ते दुखावले. "आरं, ते घरातलं बोलनं. चतुराबाई मला बहिणीसारखी. मी मायेनं बोललो, सुंदऱ्या विखारानं बोलला. फरक हाय का न्हाई?"

माया! रेडकू मेलं तेव्हा ही माया कुठल्या गोठ्यात बांधली होती, असं बन्सीला विचारावं वाटलं, पण त्यानं गळ्यातला हार तेवढा काढून सीटवर ठेवला. पुढच्याच आठवड्यात सुंदररावांनी गुपचूप निरोप धाडला. जानेवारीच्या पानाची नक्कल द्यावी, आबांना उघडं पाडतो, आणि एप्रिलचं तेवढं समजून घ्यावं, आपली बोलायची ढबच तशी. जानेवारीत पोट धरून हसणारा माणूस हा! बन्सीनं निरोप्याला चहासुद्धा विचारला नाही.

मे महिन्यात आबांनी पुन्हा विशेष सर्वसाधारण सभा लावली. सुंदररावांच्या निषेधाचा ठराव करायचा होता. तालुक्याचे नेते बोलावले, दोन वार्ताहर बोलावले, मंडप घातला. छावणीत पाण्याची ओरड होती आणि मंडपात बिसलरीच्या बाटल्यांची रांग. नोटीस बन्सीनंच काढली, नेहमीच्या नमुन्यात. विषय क्रमांक दोन, निषेधाचा ठराव. विषय क्रमांक एक, मागील सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. आबांनी सही केली. मागील सर्वसाधारण सभा म्हणजे एप्रिलची संचालकांची बैठक नव्हे, जानेवारीची सभा, हे अख्ख्या गावात फक्त एका माणसाच्या ध्यानात होतं.

सभेच्या दिवशी सकाळी बन्सीनं वहीतलं जानेवारीचं पान उघडून पाहिलं. वाचलं तर नोकरी राहत नाही, हे त्याला कळत होतं. दोन पोरं शाळेत. पण काकूचं "कुनीतरी वाचंल" हे चार महिने त्याच्या डोक्यातून हललं नव्हतं. ज्याची निवडणुकीला गरज तोच अपमान मोजायचा आणि म्हातारीचा सोडून द्यायचा, तर मग ही वही लिहायची कशाला?

सभा भरली. बन्सी उभा राहिला, वही उघडली.

"वाचलं असं समजा!" मागून नेहमीचा आवाज.

"मंजूर, मंजूर!"

"न्हाई," बन्सी म्हणाला. "आज पाव्हणे आलेत, पेपरवाले आलेत. समजायचं न्हाई. वाचू."

आबांना ते बरंच वाटलं. संस्था कशी नियमानं चालते हे पाहुण्यांना दिसेल! "वाच, वाच," ते म्हणाले.

बन्सी वाचत गेला. छावणीच्या खर्चाचा ठराव, टँकरच्या खेपा, मग, "सभासद चतुराबाई यांनी दावणी आळीपाळीने बदलण्याची विनंती केली. त्यावर चेअरमनसाहेब म्हणाले..." आणि त्यानं वाचलं. हौदाचं टोक, स्टेजावरची खुर्ची, जातीच्या जागी बस. शब्द न गाळता, आवाज न चढवता. शेवटी कंसातलंही वाचलं. "सभेत हशा."

मंडपात कुणी हसलं नाही. वार्ताहराचा पेन थांबला. तालुक्याच्या नेत्यानं आबांकडं असं पाहिलं, जणू ओळखच नाही. गळ्यात निळे गमजे घातलेली पोरं खाली बघायला लागली.

"हे... हे खोटं हाय! ह्यानं मागनं घुसडलं!" आबा ओरडले.

"खाली तुमची सही हाय, आबा. जानेवारीची तारीख हाय. आन् आत्ताच सगळे मंजूर म्हणाले."

सुंदरराव ताडकन उठले. आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता. "ऐका, ऐका! निषेध ह्यांचा करा! समाजाचा अपमान केला ह्यांनी!" आबांची माणसं उठली, "आधी तुमचा करा!" दोन्हीकडून "समाजाचा अपमान, समाजाचा अपमान" असा गलका सुरू झाला. तो समाज समोर तिसऱ्या रांगेत बसला होता, नऊवारी नेसून. त्याच्याकडं एकानंही पाहिलं नाही.

मग चतुराबाई उठली. हळूहळू गलका थांबला.

"दोघांचाबी करा," ती म्हणाली. "एकाच ठरावात. आन् दावणी आळीपाळीनं बदला. मी मांडते ठराव."

बन्सीनं विषय क्रमांक दोनखाली लिहिलं. सूचक, चतुराबाई. मग विचारलं, "अनुमोदक कोण?"

ठरावाला दुसऱ्या माणसाचं अनुमोदन लागतं. बन्सीनं दुसऱ्यांदा विचारलं. वस्तीतला दुसरा सभासद फक्त कचरू. त्याला आबांनीच टँकरवर लावलेलं, त्याचा हात मांडीवरून वीतभर उठला आणि परत खाली गेला. त्याला मी नावं ठेवणार नाही. पण समतेवर तासतासभर बोलणारे बाकीचे दोनशे जण होते! बन्सीचा स्वतःचा हात शिवशिवत होता, पण तो नोकर, सभासद नव्हे. त्यानं तिसऱ्यांदा विचारलं आणि लिहिलं, 'अनुमोदक नाही. ठराव बारगळला.' निषेधाचा मूळ ठराव घ्यायला कुणी थांबलंच नाही. पाहुण्यांच्या गाड्या सगळ्यांत आधी निघाल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे चतुराबाईनं म्हैस सोडली आणि हौदाच्या वरच्या टोकाला, पहिल्या खुंटीला नेऊन बांधली. छावणीवरचा माणूस धावत आला. ती म्हणाली, "आबाला जाऊन सांग. पेपरवाल्यालाबी सांग." तो गेला आणि परत आलाच नाही. म्हैस पोटभर नितळ पाणी प्यायली. त्या दिवसापासून ती तिथंच राहिली.

पंधरा दिवसांनी संचालकांची बैठक लागली. विषय क्रमांक एकला "वाचलं असं समजा" म्हणायची या वेळी कुणाची छाती झाली नाही. त्यांनी तो विषयच पुढं ढकलला. विषय क्रमांक दोन होता, सचिवांनी सभेची शिस्त मोडल्याबद्दल त्यांना सेवामुक्त करणे. चर्चा झाली नाही. अकरा वर्षांत एकमेकांच्या चहाच्या बिलालाही विरोध करणारे दोन्ही पुढारी शेजारी शेजारी बसले होते. आबांनी ठराव मांडला. बन्सीनं सवयीनं विचारलं, "अनुमोदक कोण?" आणि वाक्य पुरं व्हायच्या आत हात वर आला.

"आणखी कुणाला काही बोलायचंय का?" बन्सीनं विचारलं. "लिहायचं राहायला नको."

सगळे वहीकडं पाहत होते. बन्सीनं शांतपणे शेवटची ओळ लिहिली, पेनाला टोपण लावलं आणि वही आबांपुढं सरकवली. आबांनी आयुष्यात पहिल्यांदा सही करायच्या आधी वाचलं.

'सूचक, सर्जेराव. अनुमोदक, सुंदरराव. ठराव सर्वानुमते मंजूर.'