संध्याकाळच्या आत परत

रघुनाथरावांनी उभा जन्म बसगाड्यांचं वेळापत्रक बसवण्यात घालवला. म्हैसूरच्या बस डेपोत ते कंट्रोलर होते. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागायची, एक गाडी उशिरा आली तर दुसरीनं तिच्यासाठी किती थांबायचं, हे सगळं त्यांच्या डोक्यात पक्कं असायचं. साऱ्या जगाला गावी पोचवण्याचं काम, पण स्वतः कुठे गेले म्हणाल तर नाव नको. पूर्वज म्हणे म्हैसूरच्या राजाच्या घोडदळात होते, मुलूख तुडवत इथवर आलेले. वंशज सरस्वतीपुरमच्या घरातून डेपोत आणि डेपोतून घरी.

त्यांच्या पत्नी इंदिराबाई बळ्ळारीकडच्या सांडूरच्या. तिथे डोंगर भरपूर, समुद्राचा थेंब नाही. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला हळदीकुंकवाच्या बायकांनी नाव घ्यायचा आग्रह धरला, तेव्हा या नव्या सुनेनं उखाण्यात समुद्रच घातला. बायका खो खो हसल्या. शेजारच्या खोलीत बसलेल्या रघुनाथरावांच्या कानावर ते पडलं, आणि बायको आत आल्याबरोबर त्यांनी ऐटीत सांगून टाकलं, "पुढच्या मे महिन्यात नक्की."

मे महिना दर वर्षी येत राहिला, आणि दर मे महिन्यात उन्हाळ्याच्या जादा गाड्या सुटत राहिल्या. कंट्रोलरला रजा कुठली मिळायला? मग मुलगी झाली, कृष्णवेणी; तिची शाळा, तिचं लग्न. रिटायर झाल्यावर एकदा ते म्हणाले, "चल, मंगळूरला जाऊन येऊ." इंदिराबाईंनी स्वयंपाकघरातल्या जुन्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. अंदमानच्या बेटांचं चित्र होतं ते. वर्ष कधीच सरलं होतं, पण चित्रासाठी तिनं ते उतरवलं नव्हतं. "मंगळूरचा समुद्र एका बाजूला असतो," ती म्हणाली. "मला चारी बाजूंनी हवा." यावर रघुनाथराव हसले आणि पेपर वाचत बसले. ती कधी रुसली नाही, आणि न रुसणाऱ्या बायकोचं मागणं मागेच पडत जातं हे सगळ्या नवऱ्यांना चांगलं माहीत असतं.

मग तिचं विसरणं सुरू झालं. आधी सारात मीठ दोनदा पडू लागलं. मग एके दिवशी ती वारलेल्या आईसाठी पान वाढून बसली. रघुनाथराव तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी कन्नडमध्ये वार विचारला, तिनं सांगितला. गाव विचारलं, सांगितलं. "आणि यजमानांचं नाव काय, अम्मा?"

इंदिराबाईंनी मान खाली घातली, पदर सारखा केला, आणि ओठ मिटून बसल्या. बाईंनी दोनदा विचारलं, मग कागदावर काहीतरी टिपून घेतलं. पुढे त्या रघुनाथरावांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "कुठे फिरवायचं असेल तर आताच फिरवा. पण रोज नवी जागा नको, घाबरतील. एकच खोली, एकच पलंग. दिवसा कुठेही जा, संध्याकाळच्या आत त्याच खोलीत परत या."

घरी येताना रिक्षात त्यांनी स्वतः विचारून पाहिलं, "इंदू, माझं नाव काय ग?" ती बाहेर बघत राहिली. रघुनाथरावांनी मनाशी धरूनच टाकलं: नाव गेलं. आता चेहरा जाईल. तिला समुद्र दाखवायचा, एवढ्यानं आता भागणार नव्हतं; दाखवणारा आपला नवरा आहे, ज्यानं कबूल केलं होतं तोच हा, हे तिला कळत असताना दाखवायचा होता. नाहीतर त्या सगळ्या पाण्याला काय अर्थ?

कॅलेंडर भिंतीवरून उतरलं. त्याच्या कोऱ्या पाठीवर रघुनाथराव जमिनीवर बसून अंदमान बसवू लागले. पोर्ट ब्लेअरला धक्क्याजवळ एक खोली, शेवटपर्यंत तीच. पहिल्या दिवशी रॉस बेट, कारण ते हाकेच्या अंतरावर. घाबरलीच तर लगेच माघारी फिरता येईल. मग एक दिवस विश्रांती. मग नॉर्थ बे, तिथे होडीच्या तळाला काच बसवलेली असते, पाय न भिजवता प्रवाळ बघायला मिळतं. मग नील बेट, तिथे लाटांनी खडक कोरून कमान केली आहे. ओहोटी असेल तरच कमानीपर्यंत जाता येतं, आणि अमावस्येला ओहोटी मोठी, म्हणून पंचांगात अमावस्या बघून दिवस ठरवला. सगळ्यात शेवटी हॅवलॉक. तिथेच घोडं अडत होतं. बोट सकाळी जाणार, संध्याकाळी परतणार, आणि वारा सुटला तर परतीची बोट रद्द. म्हणजे मुक्काम. म्हणजे नवी खोली, नवा पलंग, आणि अंधारात उठून बसलेली इंदू, शेजारचा माणूस कोण म्हणून किंचाळणारी. त्यांनी हॅवलॉक खोडलं, पुन्हा घातलं, पुन्हा खोडलं, पुन्हा घातलं. डेपोत एक गाडी चुकली तर पुढची असायची. भर समुद्रात पुढची गाडी कुठून आणणार?

रोज सकाळी ते तिला समोर बसवून हे सगळं सांगत. "आधी रॉस. मग विश्रांती. मग काचेची होडी. मग कमान. मग हॅवलॉक." ती मन लावून ऐके आणि दर वेळी एकच विचारी, "संध्याकाळच्या आत परत?"

"परत."

जेवणं होईपर्यंत ती विचारायची, "आपण कुठे जायचंय म्हणालात?" ते पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. एकदा त्यांचा आवाज चढला. ती दचकून म्हणाली, "मामंजी, रागावू नका." सासरे जाऊन कित्येक वर्षं झाली होती. रघुनाथराव उठून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले. मोठ्यानं रडले.

कृष्णवेणीचा चेन्नईहून फोन आला. "अप्पा, सुम्मने, उगाच हट्ट करताय तुम्ही. अम्मानं तिथे बोटीवर तुम्हाला ओळखलं नाही तर काय करणार? परक्या माणसाबरोबर चाललेय म्हणून ओरडली तर?" त्यांनी फोन ठेवला. पोरीनं नेमकं तेच बोलून दाखवलं होतं जे ते स्वतःशीही बोलत नव्हते. त्याच दिवशी त्यांनी तिकिटं काढली.

पण कंट्रोलर तो कंट्रोलर. नव्या मार्गावर आधी रिकामी गाडी फिरवून बघायची, ही त्यांची जुनी पद्धत. म्हणून त्यांनी रंगीत तालीम ठरवली: घरातून बस, सिटी बसस्टँडवर गाडी बदलायची, कारंजी तलावावर होडीत बसायचं आणि संध्याकाळच्या आत घरी. इंदिराबाईंनी निळं लुगडं नेसून पिशवीत पाण्याची बाटली आणि कोडबळी, म्हणजे तिकडची कडबोळी, घेतली. त्या दिवशी तिची तब्येत झकास होती. बसमध्ये तिनं त्यांना "अहो" म्हणून खिडकी लावायला सांगितली, आणि रघुनाथरावांना वाटलं, जमतंय. जमतंय की!

सिटी बसस्टँडवर त्यांनी तिला बाकावर बसवलं आणि फलक बघायला गेले. तिथे त्यांची जुनी खाज जागी झाली. दोन गाड्या एकाच फलाटावर एकाच वेळी लावल्या होत्या! हे कुठल्या शहाण्यानं बसवलं म्हणून ते नव्या कंट्रोलरच्या खिडकीशी गेले, त्याला नीट समजावून सांगितलं, तो बिचारा "होउदु सार, होउदु सार" करत माना डोलावत राहिला. वळून बघतात तो बाकावर दुसरंच कुणी बसलेलं.

पुढे काय झालं ते रघुनाथरावांना धड आठवत नाही. फलाटाफलाटावर ते निळं लुगडं शोधत पळाले. सुटलेल्या गाडीच्या पत्र्यावर थापा मारून ती थांबवली. "माझी बायको, माझी बायको," एवढंच मराठीत म्हणत राहिले. कन्नडमध्ये जन्म काढलेला माणूस, पण त्या वेळी एक शब्द आठवेना. मी मारलं तिला, असं वाटत होतं. दुसऱ्याच्या गाड्या लावत बसलो आणि मारलं तिला. शेवटी पोलिस चौकीत कुणीतरी त्यांना पाणी पाजलं, नाव विचारून घेतलं, आणि चहूकडे निरोप गेले.

काही वेळानं एक हवालदार आला. "देवराज मोहल्ल्यात एका शिंप्याच्या दुकानाच्या पायरीवर एक अज्जी बसलीय, सार. निळं लुगडं आहे. पण कितीही विचारलं तरी नवऱ्याचं नाव सांगत नाही. आमच्याबरोबर यायलाही तयार नाही. सगळंच विसरलेली दिसतेय."

ते त्याच्या मागे धावत सुटले.

दुकानासमोर माणसं जमली होती. निवृत्ती शिंपी गळ्यात टेप घालून उभा होता, आणि त्याची आई अंबूताई इंदिराबाईंच्या शेजारी पायरीवर टेकली होती. इंदिराबाई मराठीत "बोट कुठून सुटते" विचारत आल्या, आणि शिंप्याचं घरही मराठी, म्हणून अंबूताईनं तिला धरून बसवलं होतं. गर्दीच्या मागून रघुनाथरावांना अंबूताईचा खणखणीत आवाज ऐकू आला.

"अय्यो, असं पोलिसासारखं इचारलं तर कंची बाई नाव सांगंल? तुम्ही सरका बाजूला. बाई, हळदीकुंकवाला बसलोय म्हणून समजा. घ्या बघू नाव."

इंदिराबाईंनी पदर सावरला. लाजली. आणि स्पष्ट, एक अक्षर न चुकता म्हणाली:

"चामुंडीच्या डोंगरावरून दिसतो सारा गाव,
समुद्र दाखवायला नेणार मला रघुनाथराव."

अरे देवा! चाळीस वर्षांच्या वर संसार केला, आणि या बाईनं उखाण्याबाहेर आपलं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं, हे या गृहस्थाला आठवू नये? डॉक्टरीणबाईंना माहीत नसणार, त्या वयानं लहान आणि त्यांच्यात ती रीत नाही. पण यांना? भीतीनं माणसाची अक्कल अशी गहाण पडते. नाव गेलं नव्हतं. ओठांच्या आत जिथल्या तिथे होतं, मानानं ठेवलेलं. रघुनाथरावांना भरून आलं. आपली इंदू शाबूत आहे, बोट चुकलेली नाही, हॅवलॉकसुद्धा जमेल, असं काय काय त्यांच्या मनात एकदम उसळलं. ते माणसं बाजूला सारत पुढे गेले.

"आले बघा तुमचे राव," अंबूताई म्हणाली.

इंदिराबाईंनी वर पाहिलं. त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे. "कुठे?"

"इंदू," ते म्हणाले.

परक्या पुरुषानं एकेरी हाक मारल्यावर बाई जशी अंग चोरते तशी ती अंबूताईकडे सरकली. मग त्यांचा घामेजलेला चेहरा बघून तिला दया आली असावी. "तुम्ही बघितलंत काय त्यांना?" तिनं विचारलं. "उंच आहेत. डेपोत असतात. तिकिटं बघून येतो म्हणाले, आलेच नाहीत. बोटीची वेळ झाली असेल."

हवालदार पुढे होऊन काहीतरी बोलणार होता. रघुनाथरावांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"त्यांनीच पाठवलंय मला," ते म्हणाले. "बोट आज नाही. तुम्हाला घरी घेऊन यायला सांगितलंय."

"असं होय," म्हणत ती उठली. त्यांनी पुढे केलेला हात तिनं घेतला नाही, अंबूताईचा घेतला. निवृत्तीनं रिक्षा थांबवली. आत ती कडेला सरकून बसली आणि पिशवी दोघांच्या मध्ये ठेवली.

रिक्षा सरस्वतीपुरमकडे निघाली. बरंच अंतर गेल्यावर ती आपण होऊन बोलायला लागली, माणूस भला दिसतोय असं वाटल्यामुळे असेल. "आम्ही अंदमानला जाणार आहोत. आधी रॉस. मग विश्रांती. मग काचेची होडी. मग अमावस्या बघून कमान. मग हॅवलॉक. रोज संध्याकाळच्या आत परत. त्यांनी सगळं बसवलंय." एक बेट चुकलं नव्हतं. रघुनाथरावांनी तोंड बाहेर वळवलं आणि रुमाल डोळ्यांना लावला.

"तुम्ही बघितलाय काय समुद्र?" तिनं विचारलं.

"नाही बाई."

पिशवीतून एक कोडबळं काढून तिनं त्यांच्या हातावर ठेवलं, बोटं न लागू देता.

"मग चला की आमच्याबरोबर," ती म्हणाली. "मी विचारते त्यांना. नाही म्हणायचे नाहीत ते."