पालखी वाडीवर चढली

टोकावड्याजवळच्या आमच्या गावात चैत्रातल्या जत्रेची पालखी घरोघर जायची, पण डोंगरावरच्या वाडीत कधीच जात नसे. कॉलेजात असताना मी याविरुद्ध पत्रक लिहून देवळाच्या भिंतीवर चिकटवलं. पंच म्हणाले, चढ फार आहे, पालखीवाले दमतील.

जत्रेच्या सकाळी वाडीतली एक म्हातारी पालखीसमोर उभी राहिली. "आमी बाया रोज दोन-दोन हंडे डोक्यावर घेऊन चढतो रे. तुमी चौघं मिळून एक देव नाय चढवू शकत?"

सगळा गाव हसला. पालखीवाले आधी लाजले, मग तेही हसत डोंगराकडे वळले. वाडीतल्या पहिल्याच अंगणात त्यांनी पालखी इतका वेळ नाचवली, की शेवटी पंचांनाच धापा टाकत वर यावं लागलं.