खांद्यावरची थाप

थोरल्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांतलं सामान वाहिलं. कपाटं, पलंग, एकदा तर पियानो, तोही अरुंद जिन्यातून. गुडघे बोलायला लागले तेव्हा काम सोडलं, पण उचलणं सुटलं नाही. आईचे पाय लुळे पडल्यापासून तिला पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर तोच ठेवायचा. बायको पुढे झाली तरी तिला हात लावू देत नसे.

धाकटा परराष्ट्र खात्यात. साध्या कचेरीतल्या टेबलापासून सुरुवात करून, देशोदेशी बदल्या सोसत तो वर चढला होता, आणि आता त्याची राजदूत म्हणून नेमणूक झाली. हे सांगायला तो स्वतः आला. आईने त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, मला घेऊन चल, तुझ्या घरात एकदा राहायचंय.

प्रवास झेपेल का, थोरल्याने विचारलं. डॉक्टर झेपेल म्हणाले होते. बघणार कोण? बाई ठेवता येणार होती.

"देशाचा भार उचलणार म्हणे," थोरला म्हणाला. "आधी आईला उचलून दाखव."

धाकट्याने कोट काढला, बाह्या सारल्या. थोरल्याने नीट शिकवलं. पाय फाकवून उभा राहा. कमरेत वाकू नकोस, गुडघ्यांत बस. एक हात पाठीमागून काखेत, दुसरा मांड्यांखाली. अंगाशी घट्ट धर.

एक गोष्ट मात्र सांगितली नाही. उचलण्याआधी तो आईच्या खांद्यावर हलकी थाप मारायचा. हमालांची ती रीतच. जोडीदाराला कळल्याशिवाय ओझं हलवायचं नाही. थाप पडली की आई श्वास सोडून अंग सैल करायची. हे त्याच्या जिभेवर आलं होतं. त्याने गिळलं.

धाकट्याने उचललं तशी आई ताठरली आणि कळवळली. त्याने घाबरून तिला परत टेकवलं.

"नाही जमायचं मला, दादा. राहू दे तिला तुझ्याकडेच."

हेच तर थोरल्याला हवं होतं.

आईने मान वळवून थोरल्याकडे पाहिलं. रागाने नाही, पण बराच वेळ. मग धाकट्याचा हात ओढून आपल्या खांद्यावर ठेवला.

"इथे थाप मार आधी. दादा सांगायचं विसरला."

थाप पडली. तिने श्वास सोडला. धाकट्याने तिला अलगद उचलून खुर्चीत बसवलं.

थोरला रिकाम्या पलंगावरची चादर ओढत राहिला. ती सरळच होती.

"डाव्या कुशीवर झोपव तिला," तो वर न बघता म्हणाला. "उजवा गुडघा दुखतो. सांगत नाही ती."