काळीतलं घर

मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी सकाळी साडेदहा वाजता आमच्या बैठकीत एक्कावन्न हजार रुपये बयाणा म्हणून टेबलावर ठेवले गेले. हजर होते ते असे: मी, माझी बायको, माझे वडील (घर त्यांच्या नावावर आहे), घर घ्यायला आलेले गृहस्थ, त्यांच्या पत्नी आणि दलाल. नोटा आधी दलालानं मोजल्या, मग मी. बाबांनी पैशांना हात लावला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "भोंगा झाला का?"

रविवारी कारखान्याचा भोंगा होत नाही. बाबांना ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, पण हल्ली त्यांना इतर दिवशीही तो ऐकू येत नाही, म्हणून ते रोजच विचारतात.

ही जागा त्या भोंग्यामुळे घेतली गेली. बाबा वर्ध्याकडचे. नोकरीसाठी भोपाळला आले आणि कारखान्यात फोरमन होऊन निवृत्त झाले. तोवर आमचा सगळा संसार टाउनशिपमधल्या क्वार्टरमध्ये झाला. क्वार्टरमध्ये राहणाऱ्याला घर म्हणजे काय ते कळत नाही. नळ गळला, फ्यूज उडाला, दार अडकलं की मेंटेनन्सच्या ऑफिसात कंप्लेंट टाकायची. उशिरा का होईना, माणूस यायचा. पाया कसला आहे, खाली माती कुठली, हे विचारायची वेळच आली नाही.

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडायला मुदत असते. मुदत टळली की दंडाचं भाडं लागतं. मुदतीच्या अगदी शेवटी बाबा, आई आणि मी असे तिघं एका स्कूटरवरून टाउनशिपच्या हद्दीबाहेरचा एक प्लॉट बघायला गेलो. मी तेव्हा कॉलेजात होतो. बाबा प्लॉटच्या मधोमध उभे राहिले आणि घड्याळ बघत थांबले. पाळी सुटल्याचा भोंगा झाला, तसा त्यांचा चेहरा उजळला.

"ऐकू येतो इथे. घेऊन टाकू."

आईनं वाकून मूठभर माती उचलली आणि बोटांनी कुस्करली. "किती छान काळी माती आहे हो! मोगरा येईल."

बाबांची आयुष्यभराची शिल्लक ज्यात जाणार होती, त्या जागेची तपासणी ती एवढीच.

आज कोणी मला विचारलं तर मी सांगतो, जमीन बघायला एप्रिल-मेमध्ये जा. पाऊस पडून गेल्यावर सगळ्याच जमिनी सारख्या दिसतात. एक मजूर लावून पुरुषभर खोल खड्डा घ्या आणि तळाशी मुरूम लागतो का बघा. जमिनीवर हात जाईल एवढ्या भेगा असतील तर साधा पाया चालणार नाही, कारण ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. खांब मुरुमापर्यंत उतरवावे लागतात आणि त्याला पैसे लागतात. बाबांनी मिस्त्रीला क्वार्टरचा नकाशा दिला होता. दोन खोल्या, मागे न्हाणी, पुढे ओटा. पायाही तसाच साधा घातला. क्वार्टर मुरमाड टेकाडावर होते, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

तिसऱ्या उन्हाळ्यात बाबांच्या खोलीच्या कोपऱ्यात पहिली भेग दिसली. आत्या तेव्हा वर्ध्याहून आली होती. तिनं भिंत बघितली, बाहेर जाऊन मोगऱ्याखालची माती बघितली आणि ओट्यावर बसून म्हणाली, "दादा, काळीत घर बांधलं का तुम्ही? काळीत कापूस राह्यते. मानूस पांढरीत राह्यते."

आमच्या गावाकडे शेताच्या जमिनीला काळी म्हणतात आणि गाव ज्या जागेवर वसतं तिला पांढरी. बाबा त्याच गावात वाढलेले.

"शहरात कसली काळी-पांढरी?" बाबा म्हणाले. "इथे सिमेंट आहे."

"मातीले सांगितलं का तुम्ही, का वर सिमेंट हाय म्हणून?" आत्यानं विचारलं. आई हसली. बाबा हसले नाहीत, आणि त्या मुक्कामात त्यांनी तिला पुन्हा त्या खोलीत नेलं नाही.

मी पुढे त्याच कारखान्यात तपासणी विभागात लागलो. माझं काम मापं घेण्याचं. भेगेचंही मी तेच केलं. दर उन्हाळ्यात आणि दर पावसाळ्यात फटी मोजायच्या पात्यांनी, फीलर गेजनं, माप घेत गेलो. भेगेवर प्लास्टरनं काचेची पट्टी आडवी चिकटवली. पट्टी तडकली तर भेग जिवंत आहे असं समजायचं. ती दर वर्षी तडकली. एम. पी. नगरमधल्या एका इंजिनियरना फी देऊन आणलं. त्यांनी भिंतीलगतचा मोगरा काढायला सांगितलं, कारण रोजच्या पाण्यानं एका बाजूची माती ओली आणि दुसरीकडची कोरडी राहते. आई तेव्हा नुकतीच गेली होती. मोगरा काढला नाही, पाणी थांबवलं. तो त्याच उन्हाळ्यात वाळला. भेग वाढतच राहिली.

"घर पडेल का?" मी इंजिनियरना विचारलं होतं.

"पडणार नाही. थांबणारही नाही," ते म्हणाले. पाया खालून बांधून काढायचा खर्च त्यांनी सांगितला. त्यात दुसरं घर झालं असतं.

यंदा एप्रिलमध्ये एके सकाळी बाबा खोलीतून बाहेर आले नाहीत. चौकट फिरून दार आत अडकलं होतं. मी बाहेरून खांदा लावत होतो आणि ते आतून शांतपणे सांगत होते, "जोर लावू नकोस, बिजागरी जाईल. मेंटेनन्सला कंप्लेंट टाक." दार उघडलं तेव्हा ते पलंगावर चष्मा लावून, चपला घालून बसलेले होते, माणूस येण्याची वाट बघत.

त्याच आठवड्यात घर विकायचं ठरवलं. अशोका गार्डनमध्ये तळमजल्याचा एक फ्लॅट बघून ठेवला होता. हे विकलं तरच तो घेता येणार होता. बाबा बऱ्याच दिवसांनी हो म्हणाले. "क्वार्टर सोडला तेव्हा एक बल्ब कमी होता म्हणून आठ रुपये कापले होते," ते म्हणाले. "इथे काय कापतील?"

दलाल मात्र माझ्यावर नाराज होता. "अरे साहब, मई में कौन दिखाता है? सावन में दिखाओ. दरार बंद, रंगाई-पुताई ताज़ी, सौदा पक्का."

मी मेमध्येच दाखवलं. घेणारे गृहस्थ आमच्याच टाउनशिपमधले, कारखान्याच्या दुसऱ्या शॉपमध्ये सुपरवायझर होते, मार्चमध्ये निवृत्त झाले. मी त्यांना भेग दाखवली, तडकलेली काच दाखवली, मेचं आणि ऑगस्टचं माप मिलिमीटरमध्ये सांगितलं. इंजिनियरांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

"अहो, भेगा कुठे नसतात?" ते म्हणाले. "तुमच्या वडिलांनी उभं राहून बांधून घेतलंय. फोरमन माणूस. मला जुलैअखेर क्वार्टर सोडायचाय. तेवढं एक सांगा, इथे भोंगा ऐकू येतो ना?"

"स्पष्ट येतो," बाबा म्हणाले.

तेव्हाच बयाणा टेबलावर आला. बायको चहा टाकायला उठली. तिच्या चेहऱ्यावर महिनाभरात पहिल्यांदा मोकळेपण दिसलं. गृहस्थांच्या पत्नी बाग बघायला म्हणून ओट्यावरून खाली उतरल्या. अमरावतीच्या होत्या त्या. मीही मागे गेलो. वाळक्या मोगऱ्यापाशी त्यांनी एक ढेकूळ उचललं, फोडलं आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, माती किती काळी आहे तुमच्याकडे! इथे मोगरा मस्त येईल."

मी आतापर्यंत त्यांना एकही खोटं सांगितलं नव्हतं. सगळी मापं सांगितली होती. पण त्या उभ्या होत्या तिथेच आई उभी राहायची, आणि मला कळलं की माझ्या मिलिमीटरांतून या बाईंना काहीच पोचलेलं नाही.

"वहिनी," मी म्हणालो, "ही काळी आहे. हे घर काळीत बांधलंय."

त्यांनी हातातल्या मातीकडे बघितलं. मग आमच्या भिंतीकडे. ढेकूळ खाली ठेवलं, पदरानं हात पुसले आणि आत गेल्या. चहा त्यांनी अर्धाच घेतला.

आत बाबा गृहस्थांना पाळ्यांच्या वेळा सांगत होते. त्या अजून त्याच आहेत का, याची खात्री करून घेत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गृहस्थ एकटेच आले. "हिनं रात्रभर डोकं खाल्लं," ते म्हणाले. "म्हणते दंड भरू, पण काळीत जाणार नाही. तुमचं तरी काय चुकलं, तुम्ही सगळं सांगितलंत." मग म्हणाले, "आता मी कुठे जाऊ हो?" ते मला विचारत होते. बायकोनं त्यांच्यापुढे पाणी ठेवलं आणि माझ्याकडे न बघता आत गेली.

अशोका गार्डनचा फ्लॅट जूनमध्ये दुसऱ्या कोणी घेतला. बाबांची खोली आम्ही बदलायला निघालो, तर ते तयार झाले नाहीत. म्हणून सुताराला बोलावून त्यांच्या दाराला रंधा मारून घेतला. आता ते लागतं. पावसात माती फुगली की चौकट परत फिरेल आणि त्याच दाराला वरून फट पडेल, हे मला माहीत आहे. सुतार हत्यारं गोळा करत असताना बाबांनी मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "त्याच्या कंप्लेंट स्लिपवर सही केलीस का?"

केली, असं मी सांगितलं.

दिलं ते असं: बयाण्याचे एक्कावन्न हजार, त्याच नोटा, त्या गृहस्थांना परत. फेऱ्यांचे दोन हजार दलालाला. दाराचे साडेतीनशे सुताराला.